छज्जा मोजत नाहीत

आमच्या ऑफिसात घरं काढत नाहीत.
कुणी आलाच प्लॉटचा उतारा घेऊन
तर हत्तरकी सर त्याला चहा पाजतात
आणि खालच्या मजल्यावरच्या पोराचा नंबर देतात.
आम्ही काढतो ती ठिकाणं
जिथं माणसाला जावंच लागतं.
तलाठी कार्यालय, कोर्ट, बाळंतपणाचा वॉर्ड,
एकदा शवागार.
त्याचं दार सरांनी तीनदा खोडायला लावलं.
चार खांदे आणि मागून एक बाई, तिला धरणारी दुसरी,
एवढं एकदम मावायला पाहिजे की, म्हणाले.

सात रस्त्याच्या अलीकडे, दुसरा मजला.
एसी आहे, पण प्लॉटरच्या खोलीत.
प्लॉटर तापला तर रेघ सोडतो.
माणूस तापला तर माठ आहे.

विडी कामगारांच्या दवाखान्याचं काम आलं,
ओपीडीबाहेरची बसायची जागा माझ्याकडे.
पुस्तकात लिहिलेलं, माणशी दीड फूट बाक.
मी बाकामागे बाक लावत गेले,
ऐंशी बसले.
सरांनी चष्मा कपाळावर चढवला :
"गुर्रम, हे बसलेत, की रचलेत?"

त्या रात्री घरी टेप नेला.
आई भिंतीला टेकून, मांडीवर सूप,
पान, चिमूट, वळण, दोरा.
गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत धरला :
दोन फूट दहा इंच.
"एंदुके?" तिनं विचारलं. हात थांबले नाहीत.
तुला बसवायचंय, म्हटलं.
"मी बसलेलीच आहे," ती म्हणाली,
"बेचाळीस वर्षं."

म्हणून बाक काढून टाकले.
बारा फुटांचा व्हरांडा, शहाबादी फरशी,
टेकायला सलग भिंत.
ताप असो नाहीतर खोकला, हजार म्हणजे हजार,
नंबर येईपर्यंत दीड-दोनशे सहज वळून होतात.
सरांनी लाल पेन्सिलीनं फक्त एक बारीक बरोबर केलं.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले,
दवाखाना आहे, कारखाना नाही.
व्हरांडा सात फूट करा.
सर म्हणाले, "बरं."
पार्क चौक येईपर्यंत मी रिक्षात
बाहेरच बघत होते, त्या "बरं"वर चिडून.
सिग्नलला ते म्हणाले,
"छज्जा मोजतात का क्षेत्रफळात?"
पाच फुटांपर्यंत नाही, मी.
"आणि पायरी?"
पायरी कोण मोजतंय सर.
"मग एकच पायरी दाखव.
पाच फूट रुंद."

नकाशा पास झाला.
मौला मिस्त्रीनं तेवढं विचारलं,
एवढी पायरी चढणार कोण, हत्ती का?

मेच्या मध्यावर इथं एक दिवस असा येतो,
भर दुपारी खांबालाही
स्वतःची सावली मिळत नाही.
त्याच आठवड्यात आईला गुडघ्यासाठी नेलं.
अर्ध्या पायरीवर स्टाफच्या मोटारसायकली.
उरलेल्या अर्ध्यावर छज्जाखाली
बायका सुपं घेऊन,
एकीच्या गुडघ्याला दुसरीचा गुडघा न लागता.
दाराशेजारी ग्रॅनाइटची पाटी,
नावं नऊ. आमचं नाही,
ते कधीच नसतं.

आई बसली. फरशीवर तळवा फिरवला.
डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.
मी उगाच रुमाल काढून घाम पुसत राहिले.
"गार आहे," ती म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं,
दोऱ्याचं रीळ दोनदा घरंगळून
मोटारसायकलीखाली गेल्यावर,
"ज्यानं बांधलं त्याला एवढं कळलं,
मग भिंतीत कोनाडा का नाही ठेवला?"

एकशे चौदा नंबर अजून लांब होता.
केसपेपरच्या पाठीमागं लिहून ठेवलं :
कोनाडा. नऊ इंच.
बसल्या हाताला पोचेल असा.